छद्मविकरे : कृतीवाचून कार्य

कोंबडीच्या अंड्यातील पांढरा बलक आणि गाईचे दूध या दोन पदार्थांत प्रथमदर्शनी कोणतेच नाते दिसत नाही. तथापि १९६७ साली अमेरिकेतील कीथ ब्रू, टॉमस व्हॅनामन आणि रॉबर्ट हिल या संशोधकांनी दोहोंतील एकेका प्रथिनाची घटकरचना शेजारी शेजारी मांडली, तेव्हा त्यांत सख्ख्या भावंडांसारखे साम्य आढळून आले.

यांपैकी अंड्यातील प्रथिन म्हणजे लायसोझाइम. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी ते १९२२ साली ओळखले होते. ते अश्रूंत व लाळेतही असते. लायसोझाइम हे विकर आहे, म्हणजे स्वतः न संपता एखादी रासायनिक विक्रिया वेगाने घडवून आणणारे प्रथिन आहे. जीवाणूंच्या भित्तिकेतील शर्करांची साखळी तोडणे हे त्याचे काम. दुधातील प्रथिनाचे नाव अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन. हे दीर्घकाळ निव्वळ पोषक द्रव्य मानले जात असे. लायसोझाइममध्ये १२९ ॲमिनो आम्लांची माळ असते, लॅक्टाल्ब्युमिनमध्ये १२३ आम्लांची. आणि या दोन माळांत दहांपैकी जवळजवळ चार ठिकाणी तोच मणी ओवलेला असतो. माळेची घडीही एकाच धर्तीची आहे. परंतु लायसोझाइमच्या कृतीचा जणू प्राणच असे जे पस्तिसाव्या क्रमांकाचे ग्लुटामिक आम्ल, ते मात्र लॅक्टाल्ब्युमिनमध्ये नाही. जीवाणूची भित्तिका तोडण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी नाही. विकराचा देह आहे, विकराची कृती नाही.

मग हे प्रथिन दुधात कशासाठी आले? याचे उत्तर ब्रॉडबेक आणि एब्नर यांच्या प्रयोगांतून नुकतेच मिळाले होते. स्तनग्रंथीत एक दुसरे विकर असते. ते गॅलॅक्टोज ही शर्करा उचलून एका विशिष्ट ग्राहक-रेणूला जोडते. हा ग्राहक एरवी ग्लुकोज नसतो. परंतु लॅक्टाल्ब्युमिन त्या विकराच्या अंगाला जाऊन बिलगले, की त्याची आवड पालटते आणि ते गॅलॅक्टोजची जोड ग्लुकोजशी घालू लागते. या जोडीलाच दुग्धशर्करा म्हणतात. लॅक्टाल्ब्युमिन स्वतः काहीही जोडीत वा तोडीत नाही. ते केवळ दुसऱ्याच्या हाताला वळण लावते. हे वळण किती मोलाचे आहे हे १९९० नंतरच्या दशकात उंदरांवरील प्रयोगांनी दाखविले. ज्या माद्यांत हे प्रथिन बनविणारे जनुक काढून टाकले होते, त्यांच्या दुधात दुग्धशर्करा नव्हती. शर्करा नसल्याने ग्रंथीत पाणी ओढले गेले नाही आणि दूध इतके दाट झाले, की पिल्लांना ते ओढता येईना.

आकार राखून कृती गमावलेल्या अशा प्रथिनांना छद्मविकरे म्हणतात. अमीबाच्या छद्मपादांची ओळख शाळेतील विद्यार्थ्यांना असतेच. त्याच अर्थाने हा शब्द घ्यावयाचा. परंतु एक फरक लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. अमीबाचा छद्मपाद पाय नसूनही चालण्याचेच काम करतो. छद्मविकर मात्र विकराचे काम करीत नाही, ते वेगळेच काम करते. हे वेगळे काम सर्वांत अधिक पाहावयास मिळते ते पेशींच्या संदेशवहनात.

फॉस्फेटचा शिक्का

शरीरातील पेशी एकमेकींना सतत निरोप धाडीत असतात. वाढ, थांब, विभागून दोन हो, मर, असे हे निरोप असतात. निरोप आणणारा रेणू बहुधा पेशीच्या आत शिरत नाही. पेशीच्या पटलात रोवलेल्या ग्राही प्रथिनाशी तो बाहेरूनच जोडला जातो. तेथून पुढे निरोप आतल्या आत एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि तो जातो फॉस्फेटच्या शिक्क्याने. टपालकचेरीत पत्रावर शिक्का उमटला, की त्याचा पुढचा प्रवास ठरतो. त्याप्रमाणे प्रथिनावर फॉस्फेटचा गट बसला, की त्याची वागणूक बदलते. सिॲटल येथे एडमंड फिशर व एडविन क्रेब्स हे स्नायूंतील एका विकराचा अभ्यास करीत होते. १९५५ साली त्यांना हे विकर फॉस्फेट चढताच जागे होते असे दिसून आले. त्या वेळी ही एक सुटी घटना वाटली. ती पेशींची सार्वत्रिक रीत आहे हे कळावयास अनेक वर्षे लागली, आणि या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९९२ साली.

शिक्का मारणाऱ्या विकरांना कायनेज म्हणतात. त्यांची घडण कशी असते याचे पहिले स्पष्ट चित्र १९९१ साली कॅलिफोर्नियातील सुझन टेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मिळविले. कायनेजाचे दोन खंड असतात, वरचा लहान व खालचा मोठा. दोहोंमधील खाचेत एटीपी हा रेणू बसतो. एटीपीच्या शेपटीला तीन फॉस्फेट असतात, आणि त्यांपैकी टोकाचा फॉस्फेट काढून समोरच्या प्रथिनावर चढविला जातो. या कामी तीन ॲमिनो आम्ले मुख्य असतात. एक लायसीन एटीपीला जागेवर धरते. एक ॲस्पार्टिक आम्ल मॅग्नेशियमच्या आयनाच्या द्वारा फॉस्फेटांना सरळ ठेवते. आणि दुसरे एक ॲस्पार्टिक आम्ल प्रत्यक्ष हस्तांतर घडवून आणते. यांपैकी एक जरी बदलले, तरी कायनेज पंगू होते, अशी पाठ्यपुस्तकांची शिकवण होती.

मानवाच्या जनुकसंचाचे वाचन झाल्यावर २००२ साली जेरार्ड मॅनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी कायनेजांची शिरगणती केली. संख्या भरली ५१८. परंतु त्यांत सुमारे पन्नास प्रथिने अशी निघाली, की ज्यांत वरील तीन आम्लांपैकी निदान एक जागेवर नव्हते. म्हणजे कायनेज म्हणून जन्मलेल्या दर दहांत एक छद्मकायनेज होते.

ही उत्क्रांतीच्या वाटेवर पडून राहिलेली मोडकी अवजारे असावीत, असा समज होणे स्वाभाविक होते. एखाद्या जनुकाची जादा प्रत तयार होते, मूळ प्रत काम चालू ठेवते, आणि जादा प्रतीत चुका साचल्या तरी प्राण्याचे अडत नाही. हे खरेच घडते. पण या समजुतीत एक मोठी अडचण होती. निरुपयोगी जनुकात चुका साचत साचत अखेर त्यापासून प्रथिन बनणेच थांबते. ही छद्मकायनेजे तर लक्षावधी वर्षे टिकून होती, आणि त्यांची घडी जशीच्या तशी होती. मोडक्या अवजाराला कोणी कोट्यवधी वर्षे तेलपाणी करीत नाही.

आंधळा आणि पांगळा

या कोड्याचा उलगडा ज्या प्रथिनांमुळे झाला, त्यांत एचईआर-३ याचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्वचा, आतडी, स्तन, हृदय व मज्जातंतू यांच्या वाढीचे निरोप घेणाऱ्या चार ग्राही प्रथिनांच्या कुटुंबातील हा तिसरा घटक. १९८९ साली त्याचा शोध लागला. प्रत्येकाचे डोके पेशीबाहेर, एक दांडा पटलातून आरपार, आणि कायनेजाचा भाग आत, अशी या कुटुंबाची ठेवण आहे. एचईआर-३ मध्येही कायनेजाचा भाग आहे. मात्र हस्तांतर करणाऱ्या ॲस्पार्टिक आम्लाच्या जागी तेथे ॲस्पॅराजीन बसलेले आहे. ही दोन आम्ले दिसावयास जवळजवळ सारखी, केवळ एका टोकाला ऑक्सिजनऐवजी नायट्रोजनाचा गट. (ॲस्पॅराजीन हे प्रथम १८०६ साली फ्रान्समध्ये, आपल्याकडील शतावरीच्या कुळातील एका भाजीच्या रसातून मिळाले, त्यावरूनच त्याला हे नाव पडले.) एवढ्याशा फरकाने एचईआर-३ ची शिक्का मारण्याची शक्ती जवळजवळ नाहीशी झाली.

त्याच्या शेजारचे एचईआर-२ हे याच्या अगदी उलट. त्याचे कायनेज जोमदार आहे, परंतु बाहेरून येणारा कोणताही निरोप्या त्याला भेटत नाही. निदान असा रेणू आजवर आढळलेला नाही. एकाला चालता येते पण दिसत नाही, दुसऱ्याला दिसते पण चालता येत नाही. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसतो आणि दोघे मिळून वाट काढतात, हा जुना न्याय येथे अक्षरशः लागू पडतो. न्यूरेग्युलिन नावाचा रेणू एचईआर-३ ला येऊन भेटतो, एचईआर-३ वळून एचईआर-२ चा हात धरते, आणि एचईआर-२ चे कायनेज जागे होऊन एचईआर-३ च्याच शेपटीवर फॉस्फेटचे शिक्के उमटविते. त्या शेपटीवर पुढील विकराला, म्हणजे पीआय-३ कायनेजाला, बिलगण्यासाठी सहा जागा आहेत. पेशीने जगावे व वाढावे हा निरोप तेथून पुढे जातो.

पण पांगळ्याच्या स्पर्शाने आंधळा जागा कसा होतो? हे २००६ साली स्पष्ट झाले. मद्रास विद्यापीठात आरंभीचे शिक्षण घेऊन पुढे अमेरिकेत गेलेले जॉन कुरियन आणि त्यांचे सहकारी बर्कली येथे याच कुटुंबातील पहिल्या ग्राहीचा अभ्यास करीत होते. दोन कायनेजे एकत्र येतात तेव्हा ती आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे समोरासमोर उभी राहत असतील, अशी कल्पना सहज सुचते. प्रत्यक्षात ती तशी उभी राहत नाहीत. एकाचा खालचा मोठा खंड दुसऱ्याच्या वरच्या लहान खंडाला जाऊन टेकतो, आणि त्या रेट्याने दुसऱ्यातील एक महत्त्वाचे वेटोळे योग्य जागी सरकते. टेकणारा हा केवळ आधार देतो. काम करतो तो टेकून घेणारा. जात्याची खालची तळी स्थिर असते आणि वरची फिरते, तरी एका तळीने पीठ पडत नाही. आता, ज्याला केवळ आधार द्यावयाचा आहे त्याला स्वतःची कृती असण्याचे कारणच काय? एचईआर-३ ने कृती गमावली, परंतु टेकण्याचा पृष्ठभाग जपून ठेवला. २००९ साली एचईआर-३ च्या कायनेजाची रचना मिळाली, तेव्हा ते कायमचे निष्क्रिय स्थितीत मिटलेले आढळले. टेकावयाचा पृष्ठभाग मात्र शाबूत होता.

या मिटलेल्या प्रथिनावाचून प्राणी जन्मालाही येऊ शकत नाही. १९९७ साली ज्या उंदरांच्या गर्भांतून एचईआर-३ चे जनुक काढून टाकले होते, ते गर्भावस्थेतच दगावले. त्यांच्या हृदयाच्या झडपा नीट घडल्या नव्हत्या, आणि मज्जातंतूंना वेष्टण देणाऱ्या श्वान पेशींचे पूर्वरूपच तयार झाले नव्हते.

स्तनाच्या कर्करोगात याच जोडीचा दुसरा चेहरा दिसतो. या रोगाच्या सुमारे १५ ते २० टक्के रुग्णांत एचईआर-२ चे जनुक अनेक प्रतींत वाढलेले असते आणि पेशींवर एचईआर-२ ची गर्दी झालेली असते. या गर्दीवर १९९८ साली ट्रॅस्टुझुमॅब हे प्रतिपिंड औषध म्हणून अमेरिकेत मान्य झाले. त्याने अनेकींचे आयुष्य वाढले. तरीही काही काळाने रोग पुन्हा डोके वर काढी. एचईआर-२ ने भरलेल्या या पेशींना आपली वाढ चालू ठेवण्यासाठी एचईआर-३ ची गरज असते हे २००३ साली दाखविण्यात आले. चार वर्षांनी असेही आढळले, की एचईआर-२ चे कायनेज औषधाने दाबले तर पेशी एचईआर-३ अधिक प्रमाणात पुढे करते आणि शिक्क्यांची उणीव भरून काढते. वैरी ओळखला होता, त्याचा सोबती ओळखला नव्हता. पर्टुझुमॅब हे दुसरे प्रतिपिंड एचईआर-२ च्या ज्या भागाला चिकटते, तो भाग जोडीदाराला धरण्याचा आहे. त्यामुळे एचईआर-३ शी जोडी जमतच नाही. हे औषध २०१२ साली मान्य झाले. रोग शरीरात पसरलेल्या रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीचा अंतिम निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. केमोथेरपी व ट्रॅस्टुझुमॅब घेणाऱ्या निम्म्या रुग्ण ४०.८ महिन्यांपलीकडे जगल्या. पर्टुझुमॅबची जोड मिळालेल्यांत हा आकडा ५६.५ महिने होता.

दोन तोंडांचा देव

एचईआर-३ मध्ये छद्मकायनेज शेजाऱ्याला जागे करते. जॅक कुटुंबात ते शेजाऱ्याला झोपवून ठेवते. आणि हा शेजारी त्याच प्रथिनात, पुढच्याच खोलीत राहतो.

जॅक प्रथिनांचा शोध १९८९ च्या सुमारास मेलबर्न येथे अँड्र्यू विल्क्स यांना लागला. त्या काळी नवनवी कायनेजे इतक्या संख्येने सापडत होती, की ‘आणखी एक कायनेज’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे घेऊन थट्टेने त्यांना जॅक म्हणू लागले. पुढे पाहिले तो प्रत्येकात कायनेजाचे दोन भाग, एकापाठोपाठ एक! तेव्हा रोमन लोकांच्या जेनस या दोन तोंडांच्या देवाचे नाव सुचले, आणि थट्टेतील आद्याक्षरे तशीच राहून अर्थ तेवढा बदलला. जानेवारी महिन्याचे नावही याच देवावरून आले आहे. दोन भागांपैकी एक खरे कायनेज आहे, दुसरे छद्म. २००० साली फिनलंडमधील ओली सिल्व्हेनोइनेन यांच्या गटाने जॅक-२ मधील छद्म भाग कापून टाकला. प्रथिन दुबळे होण्याऐवजी निरोप नसतानाच शिक्के मारीत सुटले. छद्म भाग हा लगाम होता.

वैद्यकातील एका जुन्या कोड्याचे उत्तर या लगामात दडले होते. १८९२ साली पॅरिस येथे लुई हेन्री व्हाकेझ यांनी एका विलक्षण रुग्णाचे वर्णन केले. त्याच्या रक्तात तांबड्या पेशी भलत्याच वाढलेल्या होत्या. या रोगात चेहरा लालभडक होतो, डोके दुखते, ऊन पाण्याने स्नान केल्यावर अंगाला असह्य खाज सुटते, आणि दाट झालेले रक्त केव्हा कोठे गोठेल याचा नेम नसतो. त्यावरील मुख्य उपाय म्हणजे अधूनमधून रक्त काढून टाकणे. आजही तो उपाय चालू आहे. १९७४ साली टोरोंटो येथे प्रचल आणि ॲक्सेलराड यांना असे दिसले, की या रुग्णांच्या अस्थिमज्जेतील पेशी परीक्षानळीत इरिथ्रोपोएटिन या संप्रेरकावाचूनच तांबड्या पेशी निपजवू लागतात. ‘रक्त वाढव’ हा निरोप देणारे हे संप्रेरक. निरोप आला नसताना पेशी निरोप मिळाल्याप्रमाणे वागत होत्या. का, ते तीस वर्षे कोणाला सांगता आले नाही.

२००५ साली चार स्वतंत्र गटांनी, पॅरिस, केंब्रिज, बोस्टन आणि बाझेल येथे, जवळजवळ एकाच वेळी उत्तर शोधून काढले. या रोगाच्या ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांच्या रक्तपेशींत जॅक-२ मधील ६१७ व्या क्रमांकाचे व्हॅलीन जाऊन फेनिलॲलानीन आलेले असते. अकराशेहून अधिक आम्लांच्या माळेत एकच मणी बदललेला, आणि तो खऱ्या कायनेजात नव्हे तर छद्म भागात! हा बदल जन्मतः मिळत नाही. बहुधा एखाद्या मज्जापेशीत आयुष्यात केव्हातरी घडतो आणि तिच्या संततीत पसरतो. लगाम निसटतो, इरिथ्रोपोएटिनचा ग्राही रिकामा असूनही शिक्के पडत राहतात. आणखी दोन आनुषंगिक रक्तविकारांतही सुमारे निम्म्या रुग्णांत हाच बदल सापडला. २००८ पासून जागतिक आरोग्य संघटनेने निदानाच्या निकषांत या तपासणीचा समावेश केला. छद्म भागाला अडगळ समजून कोणी तो तपासलाच नसता, तर हे निदान आणखी किती लांबले असते कोण जाणे.

लगाम निसटतो तो नेमका कसा? २०२२ साली स्टॅनफर्ड येथील क्रिस्टोफर गार्सिया यांच्या गटाने अतिशीत केलेल्या नमुन्यांवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक चालवून, तोच बदल केलेल्या जॅक-१ या भावंडाची संपूर्ण रचना मिळविली. दोन रेणूंचे छद्म भाग एकमेकांना चिकटलेले होते, आणि नव्या फेनिलॲलानिनाची कडी ही चिकटण बळकट करीत होती. एरवी ही जुळणी निरोप आल्यावरच होते. बदलामुळे ती निरोपावाचून होते.

औषधांच्या बाबतीत मात्र येथे एक निराळीच अडचण आली. खऱ्या कायनेजाची एटीपीची खाच बुजविणारी औषधे निघाली. पहिले रुक्सोलिटिनिब २०११ साली अमेरिकेत मान्य झाले. परंतु ही खाच सगळ्या कायनेजांत थोडीफार सारखीच असते. एकाची बुजवावी तर भावंडांचीही थोडी बुजते. आणि रक्त घडविणाऱ्या निरोगी पेशींचे जॅक-२ ही दाबले जाऊन रुग्णाला पांडुरोग जडतो. सांधेदुखीवर दिल्या जाणाऱ्या याच वर्गातील काही औषधांवर २०२१ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हृदयविकार, कर्करोग व रक्ताच्या गाठी यांविषयी कडक इशारा छापावयास लावला.

यातून वाट निघाली ती छद्म भागातूनच. कृती करीत नसल्यामुळे छद्म भागाच्या खाचेवर उत्क्रांतीचा धाक कमी. तिची ठेवण ज्याच्या त्याच्या परीने वेगळी झालेली असते. टिक-२ हे जॅक कुटुंबातील आणखी एक भावंड. सोरायसिस या त्वचारोगात दाह चेतविणारे निरोप याच्या वाटेने जातात. ड्यूक्रॅव्हासिटिनिब हे औषध टिक-२ च्या खऱ्या कायनेजाला हात लावीत नाही. ते छद्म भागाच्या खाचेत बसते आणि लगाम ओढलेल्याच स्थितीत घट्ट करते. सप्टेंबर २०२२ मध्ये ते सोरायसिससाठी अमेरिकेत मान्य झाले, आणि वरील कडक इशारा त्याच्या वेष्टनावर नाही.

आणखी काही घराणी

स्ट्रॅड हे असेच एक प्रथिन. ते एलकेबी-१ या विकराला पेशीकेंद्रातून बाहेर आणते आणि त्याचा बांधा चालता ठेवते. स्वतः ते एटीपीला धरते, परंतु खर्च करीत नाही; धरल्याने त्याचा आकार ताठ राहतो, एवढाच उपयोग. अमेरिकेतील ओल्ड ऑर्डर मेनोनाइट समाजातील काही बालकांना प्रचंड मोठा मेंदू व दुर्दम्य अपस्मार घेऊन जन्मावे लागते. त्यांच्यात स्ट्रॅडच्या जनुकाचा तुकडा गळालेला असतो, हे २००७ साली समजले. कारण कळल्यामुळे निसटलेली वाट पुढच्या टप्प्यावर अडविण्याचा विचार सुचला, आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार सिरोलिमस या औषधाने काही बालकांचे झटके कमी झाले.

एमएलकेएल हे छद्मकायनेज तर पेशीच्या मृत्यूचे हत्यार आहे. बीजिंग येथील वांग श्याओडोंग यांच्या गटाने २०१२ साली त्याचे काम उजेडात आणले. दुसऱ्या एका कायनेजाचा शिक्का बसेपर्यंत ते मुकाट्याने असते. शिक्का बसताच आकार बदलून पेशीपटलाकडे जाते, तेथे भगदाडे पडतात आणि पेशी फुटते. विषाणूने ग्रासलेली पेशी आपल्याबरोबर विषाणूलाही बुडविते, ती काही वेळा याच मार्गाने. येथे छद्मकायनेजाचा बांधा निव्वळ खटक्याचे काम करतो.

मृत ठरविण्याची घाई

छद्म हा शिक्का मारण्यात घाई झाल्याचीही उदाहरणे आहेत. लायसीन जागेवर नाही म्हणून एका घराण्याला २००० साली इंग्रजीत ‘लायसीनविरहित’ अशा अर्थाचे डब्ल्यूएनके हे नाव देण्यात आले. परंतु त्याच वेळी हेही दिसले, की दुसरीकडचे एक लायसीन तीच जागा साधते आणि कायनेज उत्तम चालते. त्यांतील दोघांच्या बिघाडाने आनुवंशिक रक्तदाब वाढतो हे पुढच्याच वर्षी कळले. मेंदूतील कास्क हे प्रथिन मॅग्नेशियम धरू शकत नाही म्हणून मृत गणले गेले होते. २००८ साली ते मॅग्नेशियमवाचूनच काम करताना सापडले. आणि एचईआर-३ सुद्धा अगदीच निश्चेष्ट नाही. २०१० साली त्यात शिक्का मारण्याची धुगधुगी आढळली, पण पहिल्या ग्राहीच्या मानाने ती सुमारे हजारपट मंद आहे. एवढ्या मंद कृतीचा पेशीला उपयोग आहे किंवा कसे, याविषयी संशोधकांत अद्याप एकमत झालेले नाही.

सर्वांत चमत्कारिक गोष्ट सेल-ओ या प्रथिनाची. जीवाणूंपासून मानवापर्यंत ते आढळते, मानवात पेशीच्या तंतुकणिकेत राहते, आणि कायनेजाची ठेवण असूनही ते कोणत्याही प्रथिनावर फॉस्फेट चढवीत नाही. २०१८ साली टेक्सासमधील व्हिन्सेंट टॅग्लियाब्राची यांच्या गटाने त्याची रचना पाहिली, तेव्हा खाचेतील एटीपी उलटा बसलेला दिसला: जे टोक एरवी आत असते ते बाहेर, आणि बाहेरचे आत. मग त्यांनी फॉस्फेटचा शोध सोडून एटीपीच्या उरलेल्या अर्ध्या भागाचा माग काढला. सेल-ओ टोकाचा फॉस्फेट देत नव्हते. एटीपीचा उरलेला भाग, म्हणजे एएमपी, तेवढा उचलून प्रथिनांना चिकटवीत होते.